दुपारचे दोन तास कोणाच्या नावावर?

घट बसायच्या आधी आठ-दहा दिवस आमच्या भागातल्या कुठल्याही गावात चक्कर मारा. ओढ्याला पाणी असेल तर ओढ्यावर, नसेल तर विहिरीच्या थारोळ्यात घरोघरची अंथरुणं-पांघरुणं धुवायला निघालेली असतात. बांधावर, कुंपणावर, बाभळीच्या खोडाला टेकवून वाकळा वाळत पडलेल्या दिसतात. हिरव्या काठाची, लाल ठिगळाची, पांढऱ्या धाग्याची रांगोळी घातलेली! गाव कितीही दुष्काळी असो, त्या चार दिवसांत ते रंगीत दिसतं.

अलीकडे मात्र एक फरक नजरेत भरतो. वाळत घातलेल्या दहा पांघरुणांत सात-आठ बाजारची ब्लँकेटं असतात, वाघाच्या नाहीतर गुलाबाच्या चित्राची. वाकळा दोन-तीन, आणि त्याही म्हाताऱ्या. नवी कोरी वाकळ क्वचितच. "आता कोण शिवतंय?" असं आपण म्हणतो आणि पुढं चालायला लागतो. मीही तेच म्हणायचो. परंतु आज या वाकळेबद्दल आणि तिच्याच घरातल्या सुई-दोऱ्याच्या कामाबद्दल चार शब्द लिहायचे आहेत. शेतकरी बांधवांसाठी आहेत, तसेच पंचायतीत बसणाऱ्या मंडळींसाठीही आहेत. आणि त्यात माझी एक कबुलीसुद्धा आहे.

एका तहकूब विषयाची गोष्ट

मी ग्रामसेवक होतो. आता त्या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, तेव्हा लोक नुसतं 'भाऊसाहेब' म्हणायचे. १९९३ साली ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि त्यानंतरच्या निवडणुकांत पंचायतीत बायका निवडून येऊ लागल्या. माझ्या सज्जातल्या एका गावात अशाच एक सदस्या होत्या. सही जेमतेम करायच्या. मासिक सभेत कधी बोलायच्या नाहीत. एकदा मात्र उठून म्हणाल्या, "भाऊसाब, समाजमंदिराच्या मागं चार पत्रं टाकून द्या. आन् एक लाइट. आमाला दुपारचं वाकळा शिवाय बसायला जागा न्हाय. आमी काय पैका मागत न्हाय."

सभेत हशा पिकला. कोणी म्हणालं, "बायांना गप्पा माराय पंचायतीनं शेड बांधायची व्हय?" मी शहाण्यासारखं विचारलं, "यातून उत्पन्न काय होणार?" बाई गप्प बसल्या. मी प्रोसिडिंग बुकात लिहिलं, 'विषय तहकूब.' तो विषय पुन्हा कधी निघाला नाही.

त्याच वर्षी महिला कल्याणाच्या पैशातून आम्ही चार शिवणयंत्रं घेतली. फोटो निघाला, नारळ फुटला. वर्षभरात दोन यंत्रं कोणाच्या तरी घरी गेली आणि दोन कार्यालयाच्या कोपऱ्यात गंजली. ज्या बायकांनी जे मागितलं होतं ते आम्ही दिलं नाही, आणि जे मागितलं नव्हतं ते मोठ्या थाटानं दिलं. हा दोष दुसऱ्या कोणाचा नाही, सही माझी होती.

आज विचार करतो तेव्हा एक गोष्ट सलते. त्याच समाजमंदिराच्या समोर पार होता. पारावर दुपारभर पत्त्यांचा डाव रंगायचा. त्या पाराचा कट्टा पंचायतीनंच बांधला होता. "या डावातून उत्पन्न काय?" असं आम्ही कधी विचारलं होतं का?

वाकळ म्हणजे नुसतं पांघरूण नव्हे

आपल्याकडं वाकळ, पुणे-नगरकडं आणि मराठवाड्यात गोधडी. कुठं चौघडी, कुठं लेपडं. तान्ह्या लेकराचं ते दुपटं. नावं वेगळी, काम एकच. जुनेर झालेली लुगडी स्वच्छ धुवायची. सारवलेल्या अंगणात एक लुगडं दुहेरी अंथरायचं, त्याच्यावर फाटकी धोतरं, जुनी अंगडी उसवून त्याचे तुकडे नीट बसवायचे, आणि वरून पुन्हा एक बऱ्यातलं लुगडं. वारा शिरू नये म्हणून कडेला दगड ठेवायचे, मग मोठ्या टाक्यांनी टाचून घ्यायचं. टाचण झाली की खरा धावदोरा सुरू. कडेपासून सुरुवात करून बोटभर अंतरावर एकेक फेरा घेत घेत मध्यापर्यंत यायचं. शेवटचा टाका वाकळेच्या पोटात पडतो.

हे काम वरवर सोपं दिसतं. करून बघा! थर सरकला की सुरकुती पडते, दोरा जास्त ओढला की कापड चुरगळतं, सैल सोडला की पहिल्या धुण्यात उसवतं. आमच्या आईच्या हातची वाकळ मी तीस वर्षं पांघरली. कापड विरलं, पण टाका उसवला नाही.

आणि त्या वाकळेत घरदाराचं दप्तर असतं. मागच्या वर्षी मी एका ऐंशीच्या पुढच्या आजींकडं गेलो होतो. पांघरलेली वाकळ त्यांनी उलगडली आणि बोटानं दाखवत गेल्या. "ही माज्या सासूची इरकल. ह्यो खण माज्या लग्नातला. ह्ये धाकल्याचं अंगडं. ह्ये धोतार मालकांचं, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडाय जाताना नेसत व्हते." तलाठ्याच्या फेरफार रजिस्टरात जे सापडणार नाही ते सगळं त्या पाच हात कापडावर नोंदलेलं होतं.

मी भारावून म्हणालो, "आजी, केवढ्या हौसेनं शिवलीय!" त्या हसल्या आणि म्हणाल्या, "हौस नव्हती बाबा, थंडी व्हती."

हे उत्तर विसरता कामा नये. शहरातली मंडळी वाकळेचं कौतुक करताना हेच विसरतात. दिवसभर रानात राबून, चुलीपुढं भाकरी थापून, चिमणीच्या उजेडात ज्यांनी डोळे फोडले त्यांना विचारा! गरज होती म्हणून शिवलं. पण आजींनी पुढं आणखी एक गोष्ट सांगितली. "थंडीपुरतं शिवायचं तर साधं ठिगाळ चालतं. ही कोपऱ्यातली चिमणी म्या कशापायी काढली आसंल?" खरोखरच, वाकळेच्या एका कोपऱ्यात लाल दोऱ्यानं एक चिमणी भरलेली होती. तिच्यानं ऊब वाढत नव्हती. ती फक्त आजींची होती.

माझ्या सगळ्या म्हणण्याचं मूळ त्या चिमणीत आहे.

फुलीचा टाका आणि कशिदा

वाकळ ही म्हाताऱ्यांची, तर दुसुतीवरचं आणि मॅटीवरचं भरतकाम ही त्यांच्या लेकी-सुनांची. आठवा, एकेकाळी घरात शिरलं की समोर काचेच्या चौकटीत 'सुस्वागतम्' असायचं, खाली दोन पोपट नाहीतर राजहंस. दाराला तोरण, रेडिओवर रुमाल. सगळं फुलीच्या टाक्याचं. एक तिरपा टाका, त्यावर उलटा तिरपा टाका, झाली फुली. चित्र आधी काढावं लागत नाही, नुसती घरं मोजायची. ज्या पोरीला शाळेत गणित नकोसं वाटायचं ती मॅटीवर शे-दोनशे फुल्या बिनचूक मोजायची!

आपल्या जत भागाला लागून कर्नाटक. तिकडचा कशिदा, म्हणजे कसुती, धारवाड-हुबळी भागात आजही जिवंत आहे. इरकल साडीच्या पदरावर तो शोभून दिसतो. त्यातही कापडावर चित्र छापत नाहीत, धागे मोजूनच काम. त्याचे चार टाके आहेत. गवंती दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, मुर्गी पायऱ्यापायऱ्यांचा, नेगी विणल्यासारखा आणि मेंथी म्हणजे आपली फुलीच, मेथीच्या दाण्यावरून नाव पडलेली. गोपुर, रथ, पालखी, तुळशीवृंदावन, हत्ती हे सगळं धागे मोजून उतरवायचं. या कामाला भौगोलिक मानांकनसुद्धा मिळालं आहे. बंगालच्या नक्षी कांथेला आणि बिहारच्या सुजनीलाही ते मिळालं. कांथा काय, सुजनी काय, मुळात जुन्या कापडाचे थर आणि धावदोरा! उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर-हल्याळकडं सिद्दी समाजाच्या बायका अशीच कवंदी शिवतात आणि कोपऱ्यांना कापडाची फुलं लावतात. फुलाशिवाय कवंदी त्यांना उघडी वाटते. त्यांचं फूल आणि आमच्या आजींची चिमणी, गोष्ट एकच.

साता समुद्रापलीकडंही हेच. अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड नावाचं खेडं आहे. तिथल्या बायका कापसाच्या मळ्यांत राबवलेल्या गुलामांच्या वंशातल्या. घरात वारा शिरू नये म्हणून त्यांनी रानात घालून विटलेल्या कपड्यांची पांघरुणं शिवली. २००२ साली त्या पांघरुणांचं प्रदर्शन न्यूयॉर्कच्या मोठ्या संग्रहालयात भरलं आणि २००६ साली अमेरिकेच्या टपाल खात्यानं त्यांची तिकिटं काढली. कापूस वेचणाऱ्या बाईची वाकळ टपालाच्या तिकिटावर! आपल्या बाईची वाकळ मात्र आपण ट्रॅक्टरच्या सीटवर टाकतो, नाहीतर म्हशीच्या पाठीवर.

धंदा करा, पण हिशेब खरा मांडा

आता कोणी म्हणेल, "याचा बचत गटामार्फत धंदा करावा." जरूर करावा. 'उमेद' अभियानानं गावोगाव गट उभे केले आहेत, मुंबईला 'महालक्ष्मी सरस' प्रदर्शन भरतं, तिथं ग्रामीण बायकांचा माल विकला जातो. चांगलं आहे. पण धंद्याच्या नावाखाली बाईची बोटं स्वस्तात जाऊ नयेत, एवढंच म्हणणं.

हिशेब मांडून बघू. माझी आई रोज दुपारी दोन तास बसायची, तर एक वाकळ सव्वा महिना घ्यायची. सुट्ट्या-खाडे वजा जाता बत्तीस दिवस धरा. म्हणजे चौसष्ट तास. आठ तासांचा रोज धरला तर आठ रोज. खुरपणीचा तीनशे रुपये रोज धरला तरी मजुरीच चोवीसशे होते. कापड, दोरा, धुणं वेगळं. आता एका गटाच्या बायकांना शहरातल्या एका दुकानदारानं एका वाकळेला किती देऊ केले माहीत आहे? सातशे! आणि वर म्हणाला, "घरीच तर बसलेल्या असता."

'घरीच तर बसलेल्या' हे वाक्य त्या दुकानदाराचं एकट्याचं नाही. आपलंही आहे. उसाला दर मिळाला नाही की आपण रस्त्यावर येतो, दुधाला एक रुपया कमी झाला की कॅन ओततो. उत्पादन खर्चावर आधारित भाव मागणारे आपण, आपल्याच घरातल्या बाईच्या चौसष्ट तासांचा उत्पादन खर्च किती, हे कधी मांडलं का?

सरकारच्या कागदावरही तिची जागा शोधावी लागते. १७ सप्टेंबर २०२३ ला पी. एम. विश्वकर्मा योजना सुरू झाली. अठरा व्यवसाय त्यात आहेत. सुतार, लोहार, कुंभार आहेत, शिंपी आहे, बाहुल्या-खेळणी करणारे आहेत, मासे धरायची जाळी करणारे आहेत. अवजारांसाठी पंधरा हजारांपर्यंत मदत आणि पाच टक्के व्याजानं कर्जाची सोय आहे. वाकळ शिवणारीचं वेगळं नाव मात्र त्या यादीत नाही.

पण मला खरं सांगायचं आहे ते याच्यापुढचं. प्रत्येक गोष्टीचा धंदाच झाला पाहिजे का? ज्या बाईला विकायचं आहे तिला पुरता भाव मिळो. पण जिला विकायचं नाही, नुसतं बसून नातवाचं दुपटं शिवायचं आहे, मॅटीवर मोर भरायचा आहे, तिचं काय? तिला आपण लगेच विचारतो, "ह्याचं किती येणार?" भजनी मंडळाला आपण हे विचारत नाही. तालमीला विचारत नाही. कुस्तीच्या मैदानाला वर्गणी काढतो आणि म्हणतो, गावाची शोभा आहे. मग सुईची शोभा कुठं कमी पडते?

आता थंडीसाठी वाकळ शिवण्याची सक्ती राहिलेली नाही. बाजारात ब्लँकेट मिळतं. आजींच्या काळात गरज होती, हौसेला वाव नव्हता. तरी त्यांनी चिमणी काढली. आता गरज उरली नाही, म्हणजे हौसेची पाळी खरी आता आली. पण हौसेला लागतो वेळ, आणि तोच तिच्या नावावर नाही. सातबाऱ्यावर घरच्या लक्ष्मीचं नाव लावायचं म्हणून आपण भाषणं ऐकली, काहींनी लावलंही. पण दुपारचे दोन तास कोणाच्या नावावर आहेत? जेवण आवरून ती सुई हातात घेते न घेते तोच हाक येते, "चहा टाक." "वैरण घातली का?" "मोटर चालू कर, लाइट आलीया." दोरा सुईतच राहतो.

एका सुनेनं मला सांगितलं, "भाऊसाहेब, मन लई भरून आलं की मी फुल्या घालत बसते. मोजता मोजता डोक्यातलं वादळ बसतं." सोसायटीचं कर्ज, पावसाची ओढ, द्राक्षावरचा रोग, सगळं त्या घरात होतं. फुल्यांनी कर्ज फिटत नाही, हे तिलाही कळतं. पण माणसाला दिवसातून घटकाभर तरी असं एक काम पाहिजे की जे आपल्या हातानं सुरू होतं, आपल्या हातानं पुरं होतं आणि पावसावर अवलंबून नसतं. शेतकऱ्याच्या घराला हे जास्त समजायला पाहिजे.

काय करता येईल?

नुसतं बोलून भागत नाही. ग्रामपंचायतीनं आपल्या उत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्चायचे असतात. सरपंच आणि अधिकारी मंडळींनी यंदा एवढं करून बघावं.

एक, गावात हवेशीर आणि उजेडाची एक खोली दुपारी बारा ते तीन बायकांसाठी मोकळी ठेवावी. समाजमंदिर, अंगणवाडीची जादा खोली, काहीही चालेल. तिथं सतरंजी, दोन बल्ब आणि एक कपाट. उद्घाटन नको.

दोन, डोळे तपासणी ठेवावी. चाळिशी लागली म्हणून सुईत दोरा ओवता येत नाही आणि बाई काम सोडते, असं मी घरोघर पाहिलं. कित्येकींची हौस एका साध्या चष्म्यावाचून अडली आहे.

तीन, यंत्र देण्याआधी त्यांना काय पाहिजे ते विचारावं. कोणी मॅटी मागेल, कोणी दोऱ्याच्या लडी, कोणी बरी कात्री. खर्च फार नाही.

चार, गावातल्या ज्या म्हाताऱ्यांच्या हातात वाकळेची कला आहे त्यांना मानधन देऊन शिकवायला बसवावं. आणि शाळेत कार्यानुभवाच्या तासाला धावदोरा शिकवावा, मुलींना आणि मुलांनाही. बटण लावायला बायको शोधणारा गडी यापुढं चालायचा नाही.

पाच, नवरात्राच्या धुण्यावेळी गावातल्या जुन्या वाकळा एक दिवस समाजमंदिरात मांडाव्यात. कोणती कोणी शिवली, कोणत्या साली, आत काय काय आहे, हे लिहून घ्यावं. सांगणाऱ्या आज आहेत, दहा वर्षांनी नसतील.

शेतकरी बांधवांनो, आपल्याकडून लागतं ते याहून कमी आहे. घरातली सुती लुगडी बोहारणीला स्टीलच्या डब्यावर देऊन टाकू नका. आजच्या पॉलिस्टरच्या साड्या निसटतात, घाम धरतात. खरी ऊब सुतीलाच. ज्यांना नव्यानं सुरुवात करायची त्यांनी एकदम मोठी वाकळ घेऊ नये, दोन हातांच्या दुपट्यापासून करावी. कापड आधी धुऊन घ्यावं म्हणजे नंतर आकसत नाही. मॅटीवर काम करताना कापडाची चार घडी घालून मधला बिंदू काढावा आणि तिथून सुरुवात करावी. वरचा टाका सगळ्या फुल्यांना एकाच बाजूला तिरपा पडला पाहिजे, नाहीतर चकाकी बिघडते. दोऱ्याला गाठ मारू नये, टोक टाक्याखाली दाबावं.

आणि तिनं दुपारी सुई हातात घेतली की दोन तास हाक मारू नका. चहा आपला आपण टाकून घ्या. तिच्यासाठीही अर्धा कप ठेवा.

गाडगेबाबांना लोक गोधडे महाराज म्हणायचे. अंगावर चिंध्यांची गोधडी होती म्हणून त्यांचं मोठेपण कमी झालं नाही. आपण मात्र चिंधी बघतो, आणि ती जोडणारा हात बघत नाही.

ज्या सदस्याबाईंचा विषय मी तहकूब केला त्या आता हयात नाहीत. त्यांच्या सुनेकडं त्यांची वाकळ आहे, अर्धी शिवलेली. कडेचे सात-आठ फेरे झालेत, मध्ये नुसती टाचण आहे. जागा नव्हती, उजेड नव्हता, वेळ नव्हता. सून म्हणाली, "पुरी करायची हाय, पण बसायचं कुठं?"

पंचवीस-तीस वर्षांनी तोच प्रश्न! मी आता निवृत्त माणूस, माझ्या सहीला किंमत नाही. पण ज्यांच्या सहीला आहे त्यांनी येत्या मासिक सभेत हा विषय घ्यावा, आणि प्रोसिडिंगात 'तहकूब' लिहू नये.